शंभर टक्के, पण कशामुळे?

देऊळगाव राजासारख्या तालुक्याच्या गावी अंध मुलांच्या शिक्षणाचे काम करणाऱ्याच्या हाताखालून ब्रेलच्या पानांपेक्षा सरकारी कागद जास्त जातात. बोनाफाईड, आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, उत्पन्नाचा दाखला आणि या सगळ्यांच्या वर टाचलेले दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. ते मिळवण्यासाठी पालकांनी बुलढाण्याच्या खेपा घातलेल्या असतात, म्हणून ते प्लॅस्टिकच्या पिशवीत जिवापाड जपलेले असते. या कागदावर सगळ्यांची नजर जाते ती एका आकड्यावर. चाळीस टक्के गाठले की पुढचे दरवाजे उघडतात. एसटीची सवलत, शिष्यवृत्ती, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, सगळे त्या आकड्यावर चालते. पूर्ण अंध मुलाचा आकडा शंभर. प्रमाणपत्रात निदानासाठीही एक ओळ असते, पण तिथे पुष्कळदा ‘दोन्ही डोळ्यांनी अंध’ एवढे लिहून विषय मिटवलेला असतो, आणि पुढे हाती येणाऱ्या यूडीआयडी कार्डावर तर दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्का एवढेच उरते. मूल कशामुळे अंध झाले, ते वाटेत कुठेतरी गळून पडते. या कामात राहून माझे जे मत बनले ते या गळून पडलेल्या कारणाविषयी आहे. अंध मुलाच्या शरीरातल्या संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोन्सचे, काय बिघडू शकते हा प्रश्न टक्क्याने सुटत नाही. कारण कळल्याशिवाय त्याला हातच घालता येत नाही.

संप्रेरक हा शब्द घेऊन कोणी पालक शाळेत येत नाही. तक्रारी साध्या असतात. रात्र रात्र जागतो आणि वर्गात पेंगतो. बरोबरीची पोरं हातभर वाढली, हा तेवढाच राहिला. साधा ताप आला तरी पार गळून जातो. पोरगी फार लवकर वयात आली, किंवा वय उलटून चालले तरी आलीच नाही. खायला बेताचे असून वजन आवरत नाही. या प्रत्येक तक्रारीला घरात, शेजारात, शाळेत आणि कधी कधी दवाखान्यातही एकच उत्तर तयार असते : अंध आहे ना, म्हणून. या उत्तराची अडचण अशी की ते पूर्ण खोटे नाही. काही तक्रारींचे मूळ खरोखर प्रकाश न पोचण्यात आहे. पण काहींचा अंधत्वाशी संबंध एवढाच, की दोन्ही एकाच मुळातून आलेल्या आहेत, आणि त्यांतल्या एकदोन जिवावर बेतणाऱ्या आहेत. एकाच वाक्यात दोन्ही गुंडाळल्या की आधी जिचा शोध घ्यायला हवा तीच मागे पडते. म्हणून त्या वेगळ्या काढून पाहायला हव्यात.

आधी प्रकाशाचे पाहू. डोळ्याकडे दोन कामे असतात. पाहणे हे त्यांतले एक. बाहेर दिवस आहे की रात्र, हे मेंदूच्या तळाशी असलेल्या जैविक घड्याळाला कळवणे हे दुसरे. शाळेच्या पुस्तकात दृष्टिपटलातल्या दंडपेशी आणि शंकुपेशी शिकवल्या जातात, पण या दुसऱ्या कामाचा मोठा भार तिसऱ्याच पेशींवर आहे, आणि तो शोध फार जुना नाही. १९९८ मध्ये इग्नासियो प्रोव्हेन्सियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बेडकाच्या त्वचेतल्या रंगपेशींत मेलॅनॉप्सिन हे प्रकाश ओळखणारे प्रथिन सापडले. दोन वर्षांनी ते माणसाच्या दृष्टिपटलातही असल्याचे दिसले. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या गटाने उंदरांवर दाखवून दिले, की हे प्रथिन असलेल्या पेशी दंड-शंकूंच्या मदतीशिवाय स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात. त्यांचा निरोप घड्याळाला जातो, घड्याळाचा पिनिअल ग्रंथीला, आणि अंधार पडला की ती ग्रंथी मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. पहाटे कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढते, गाढ झोपेच्या पहिल्या टप्प्यात वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात सुटते. या सगळ्या वेळा त्या घड्याळाशी आणि झोपेशी जोडलेल्या आहेत. माणसाचे घड्याळ मुळात अगदी चोवीस तासांचे नाही. चार्ल्स झाइस्लर यांच्या १९९९ च्या मोजणीत ते सरासरी चोवीस तास अकरा मिनिटांचे भरले. डोळस माणसाच्या लक्षात हा फरक येत नाही, कारण रोजचा उजेड तो रोज पुसून टाकतो. ज्याच्या डोळ्यांतून उजेडाचा निरोप आत जातच नाही, त्याचे घड्याळ आपल्या चालीने सरकत राहते.

सरकणे कसे दिसते ते आकड्यात पाहिले तर पालकांची तक्रार एकदम उलगडते. घड्याळ रोज अर्ध्या तासाने मागे पडत असेल, तर चोवीस दिवसांत मुलाची आतली रात्र भर दुपारी येते, आणि आणखी तेवढ्याच दिवसांत ती परत जागेवर येते. मधले काही आठवडे मूल शहाण्यासारखे नऊला झोपते, पुढचे काही आठवडे रात्रभर खेळते आणि वर्गात बाकावर डोके टेकवते. घरच्यांना ही ये-जा दिसते, पण तिचा हिशेब लागत नाही, म्हणून तिला अमावास्या-पौर्णिमेचा फेरा चिकटतो, आणि तिथून बाहेरच्या बाधेपर्यंत मजल जायला वेळ लागत नाही. यात गंमत अशी, की चंद्राशी जुळणारा एक खरा नमुना शास्त्राच्या कागदपत्रांतही आहे. १९७७ मध्ये सायन्स या नियतकालिकात माइल्स, रेनल आणि विल्सन यांनी एका अंध तरुणाची नोंद प्रसिद्ध केली. नोकरी-व्यवसाय, जेवणखाण सगळे इतरांसारखे असूनही त्याचे घड्याळ २४.९ तासांनी चालत होते, म्हणजे जवळजवळ चांद्र दिवसाइतके. ते चंद्राच्या ओढीने चालत होते असा त्याचा अर्थ नाही. लांबीचा योगायोग आहे. पण आजीला पौर्णिमेला नात जागी दिसत असेल तर आजीची नोंद खोटी म्हणून झटकण्याचे कारण नाही, तिचा अर्थ मात्र बदलायला हवा. आणि या तरुणाच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते : शिस्त, ठरलेले जेवण, घड्याळाचा गजर यांनी प्रत्येकाचे घड्याळ ताळ्यावर येतेच असे नाही. गावातल्या बालाजीच्या देवळातला काकडा रोज कानी पडला, तरी पूर्ण अंध मुलाच्या आतली पहाट त्याच वेळी होईल याची हमी नाही.

इथे टक्का आपल्याला पहिल्यांदा दगा देतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मूल्यमापन नियमांत डोळ्यासमोर हलणारा हात जाणवणे, फक्त उजेड कळणे आणि काहीच न कळणे या तिन्ही अवस्था एकाच रकान्यात, शंभर टक्क्यांत ठेवल्या गेल्या. सवलतींसाठी ते योग्यच आहे. उजेड कळतो म्हणून कोणाची पेन्शन कमी व्हावी असे मी म्हणत नाही. पण संप्रेरकांच्या दृष्टीने ही तीन वेगवेगळी मुले आहेत. उजेड कळणाऱ्या बहुतेकांचे घड्याळ जागेवर राहते, काहीच न कळणाऱ्यांपैकी पुष्कळांचे सरकते. त्यातही अपवाद आहेत. झाइस्लर यांनीच १९९५ मध्ये उजेडाची जाणीव अजिबात नसलेल्या अकरा जणांना तीव्र प्रकाशात बसवले, तेव्हा तिघांचे मेलॅटोनिन डोळस माणसासारखे खाली आले. पाहणारा मार्ग बंद पडला होता, घड्याळाचा मार्ग चालू होता. त्यामुळे ‘नाही तरी दिसत नाहीच’ म्हणून मुलाला दिवसभर अंधाऱ्या खोलीत ठेवणे, किंवा निव्वळ बरे दिसावे म्हणून निकामी डोळा काढून टाकण्याची घाई करणे, दोन्ही विचार करून करण्याच्या गोष्टी आहेत. (गाठीसाठी किंवा असह्य वेदनेसाठी डोळा काढावा लागतो ते वेगळे. तिथे जीव आधी.)

मग प्रकाशाअभावी संप्रेरके कमी होतात का? जर्मन नेत्रतज्ज्ञ फ्रिट्झ हॉलविच यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून हेच सांगितले, की डोळ्यांतून आत जाणारा उजेड शरीराच्या सगळ्या कारभाराला चालना देतो, आणि तो तुटला की कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके मंदावतात. आजचे मत या टोकाला जात नाही. पूर्ण अंध व्यक्तींच्या रक्ताची दिवसरात्र तपासणी करून जे ठळकपणे हाती लागले ते वेळेबद्दल आहे. मेलॅटोनिन आणि कॉर्टिसॉलचे चढउतार असतात, पण भलत्या वेळी. हा फरक तपासणीच्या वेळी महत्त्वाचा ठरतो. कॉर्टिसॉल सकाळी आठला तपासायचा प्रघात आहे, कारण तेव्हा ते चढलेले असते हे गृहीत धरले जाते. ज्या मुलाची आतली मध्यरात्र त्या दिवशी सकाळी आठला पडली आहे, त्याचा अहवाल कमी येईल आणि कदाचित उगाच घबराट उडेल. याच्या उलट, खरोखर कमी असलेले कॉर्टिसॉल ‘घड्याळ सरकले असेल’ म्हणून सोडून देणे अधिक धोक्याचे. दोन्हींतले कोणते, हे ठरवायला झोपेची नोंद जवळ असावी लागते. तिला पैसा लागत नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज झोपल्याची आणि उठल्याची वेळ दोन महिने लिहिली, की तिरपी सरकणारी वेळ कोणालाही दिसते. सरकणे सिद्ध झाले तर उपाय आहे. रॉबर्ट सॅक आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये सात अंध प्रौढांना झोपेआधी मेलॅटोनिन दिले, सहा जणांचे घड्याळ चोवीस तासांवर आले. स्वीडनमध्ये पाम आणि सहकाऱ्यांनी अंध मुले व तरुणांवर हेच करून पाहिले आणि त्यांनाही उपयोग झाला. मात्र ते कोणत्या वेळी आणि किती द्यायचे यावर सारे अवलंबून आहे. चुकीच्या वेळी दिलेली गोळी घड्याळ उलट्या दिशेलाही ढकलू शकते. दुकानातून आणून मुलाला द्यायचे ते औषध नव्हे.

वयात येण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि त्यावर आपल्याकडे कुजबुजच जास्त. अंध मुली लवकर वयात येतात ही समजूत नुसती गावठी नाही. तिच्यामागे एक लांब शास्त्रीय इतिहास आहे. १८९८ मध्ये जर्मनीत ऑटो ह्यूबनर यांनी पिनिअलमध्ये गाठ असलेल्या आणि साडेचार वर्षांच्या वयातच पौगंडाची लक्षणे दिसलेल्या मुलाची नोंद केली. तेव्हापासून ही ग्रंथी वयात येण्याला रोखून धरते अशी कल्पना रुजली. १९६४ मध्ये लिओना झकारियास आणि रिचर्ड वर्टमन यांनी अंध मुलींना पहिली पाळी डोळस मुलींपेक्षा लवकर येते असे सायन्समध्ये मांडले. लहानपणी रात्रीचे मेलॅटोनिन खूप असते आणि वयात येताना ते उतरते, हेही पुढे मोजले गेले. धागा जुळल्यासारखा वाटतो. पण नंतरच्या पाहण्यांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत, आणि ह्यूबनर यांच्या त्या मुलासारख्या रुग्णांत अनेकदा गाठच पौगंड घडवून आणणारे संप्रेरक तयार करत असते हेही कळले. मेलॅटोनिन उतरते म्हणून मूल वयात येते, की मूल वयात येते म्हणून ते उतरते, हेही ठरलेले नाही. शिवाय मुलीचे वजन, तिचे खाणे, तिची हालचाल, आणि तिच्या मेंदूत जन्मतः काही वेगळे आहे का, हे सगळे त्या पहिल्या पाळीत मिसळलेले असते. म्हणून ‘अंध आहे, लवकर येणारच’ हे वाक्य मी पुरावा मानत नाही. मुलीत आठ वर्षांच्या आत किंवा मुलात नऊच्या आत वयात आल्याची लक्षणे दिसली, किंवा मुलीत तेरा आणि मुलात चौदा उलटूनही काहीच दिसले नाही, तर मूल अंध असो वा डोळस, ते बालरोगतज्ज्ञाला दाखवायचे.

या विषयाची भीती कुठवर नेते हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींचे गर्भाशय पुण्याच्या ससून रुग्णालयात काढले गेले, आणि मासिक पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही हे त्याचे समर्थन होते. त्या मुली अंध नव्हत्या, पण दिव्यांग मुलीच्या पाळीला अडचण समजण्याची रीत तीच. अंध मुलीला पॅड स्पर्शाने बसवता येते, दिवस मोजता येतात, डाग पडला असेल का याचा अंदाज बांधता येतो. ते आठव्या-नवव्या वर्षी शिकवायला सुरुवात करावी. संप्रेरकांचा वाद सुटेपर्यंत थांबायचे काहीच कारण नाही.

आता त्या दुसऱ्या, अधिक गंभीर भागाकडे, म्हणजे अंधत्वाबरोबर एकाच मुळातून आलेल्या तक्रारींकडे येतो. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या पस्तीस अंधशाळांत पाहणी केली, आणि ती २००७ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीत आली. सोळा वर्षांखालच्या १७७८ मुलांपैकी ४१.३ टक्क्यांत अंधत्वाचे कारण डोळ्याची जन्मजात विकृती हे होते. डोळाच न बनणे, किंवा अगदी बारका बनणे, अशी ती विकृती. बुबुळावरच्या पडद्याचे व्रण आणि त्यातून आक्रसलेला डोळा हे २२.२ टक्क्यांत. एके काळी जीवनसत्त्व अ च्या अभावाने आणि गोवराने डोळे जाणे ही आपल्याकडची मोठी गोष्ट होती. ती घटली, तसा जन्मजात विकृतींचा वाटा वर आला. माझ्या मते ही पाहणी संप्रेरकांच्या प्रश्नासाठी फार मोलाची आहे, जरी ती त्यासाठी केलेली नव्हती. बुबुळावर व्रण असलेल्या, पण डोळा न आक्रसलेल्या मुलाचे दृष्टिपटल सहसा मागे शाबूत असते, त्याला बहुधा उजेड कळतो, आणि इतर ग्रंथींना कामाला लावणाऱ्या त्याच्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा या व्रणाशी काही संबंध नाही. पण गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत डोळा घडवणारी काही जनुके पियुषिका ग्रंथीच्या घडणीतही काम करतात. सॉक्स-२ या जनुकात दोष असला तर डोळे बनत नाहीत किंवा बारके राहतात, आणि त्याच मुलात पौगंडाला चालना देणारी संप्रेरकेही कमी असू शकतात. ओटीएक्स-२ च्या दोषात वाढीच्या संप्रेरकाची उणीव आढळते. म्हणजे एकाच वर्गात, एकाच बाकावर, दोन्ही प्रमाणपत्रांवर शंभर असलेली दोन मुले. एकाच्या संप्रेरकांची काळजी करण्याचे विशेष कारण नाही, दुसऱ्याची उंची दर सहा महिन्यांनी मोजलीच पाहिजे.

यातले सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे दृष्टिचेतेची अपुरी वाढ, ऑप्टिक नर्व्ह हायपोप्लेसिया. डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी चेता जन्मतःच बारीक राहते. पाश्चात्त्य देशांत बालवयातल्या अंधत्वाच्या प्रमुख कारणांत ती मोडते. १९५६ मध्ये जॉर्ज द मॉर्सिए यांनी हिचा मेंदूच्या मध्यरेषेवरील दोषांशी संबंध जोडला, आणि नंतर त्यात पियुषिकेचीही भर पडली. अमेरिकेतल्या एका पाहणीत अशा मुलांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश मुलांत कुठल्या ना कुठल्या संप्रेरकाची उणीव निघाली. वाढीचे संप्रेरक सर्वांत वर, मग थायरॉइड, मग कॉर्टिसॉल, आणि थोड्यांत लघवी आवरणारे संप्रेरक. त्यांची चिन्हे पालकांनी आधीच पाहिलेली असतात. जन्मल्यावर रक्तातली साखर उतरली होती, कावीळ आठवडेच्या आठवडे टिकली, मुलाचे लिंग फार लहान आहे, सारखे पाणी मागतो आणि सारखी लघवी करतो. डिस्चार्ज कार्डावर यातले निम्मे लिहिलेले असते, फक्त डोळ्याच्या कागदाशेजारी ते ठेवून कोणी वाचत नाही. उणिवा एकदम दिसतातच असे नाही. जन्मानंतरची पहिली तपासणी ठीक आली आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी उंची थांबली, असे होते. सर्वांत घातक उणीव कॉर्टिसॉलची. निरोगी मुलाचे शरीर तापात आपोआप जास्त कॉर्टिसॉल बनवते. ज्याची पियुषिका ते सांगूच शकत नाही, ते मूल साध्या ताप-उलटीत साखर आणि रक्तदाब घसरून बेशुद्ध पडू शकते, मरूही शकते. निदान झालेले असेल तर उपाय स्वस्त आहे. रोजची हायड्रोकॉर्टिसोनची गोळी, तापात डॉक्टरांनी ठरवून दिलेला वाढीव डोस, आणि उलट्या थांबत नसतील तर इंजेक्शन. निदान नसेल तर तीच घटना ‘अशक्त होतं पोर, तापाने गेलं’ म्हणून नोंदली जाते.

थायरॉइडबद्दल एक गोष्ट इथे ठासून सांगायला हवी, कारण तालुक्याच्या लॅबपर्यंत पोचलेली माणसेही इथे फसतात. आपल्याकडे थायरॉइडची तपासणी म्हणजे टीएसएच, असे समीकरण झाले आहे. टीएसएच हे पियुषिकेचे संप्रेरक आहे. थायरॉइड ग्रंथीच आजारी असेल तर पियुषिका ओरडते आणि टीएसएच चढते. पण पियुषिकाच अपुरी असेल तर ओरडणार कोण? तेव्हा टीएसएच नॉर्मल दिसते आणि मूल मात्र थायरॉइडच्या कमतरतेने मंदावत जाते. त्याला फ्री टी-फोर सोबत तपासावे लागते. तेवढा एक शब्द चिठ्ठीवर वाढवायचा आहे. पण तो वाढवायचे सुचण्यासाठी डॉक्टरांसमोर अंधत्वाचे कारण असायला हवे, आणि आपण त्यांच्यापुढे धरतो तो शंभरचा कागद.

मामेबहिणीशी लग्न आपल्या बऱ्याच समाजांत चालते, म्हणून आणखी एका गटाचा उल्लेख हवा. बार्डेट-बीडल सिंड्रोममध्ये दृष्टिपटल हळूहळू विझत जाते, रातांधळेपणापासून सुरुवात होते, हातापायाला सहावे बोट असते, वजन लहानपणापासून वाढते आणि पौगंडाची संप्रेरके कमी असू शकतात. आईबाप रक्ताच्या नात्यातले असले की अशा विकारांची शक्यता वाढते. वुल्फ्रॅम सिंड्रोममध्ये आधी बालवयातला मधुमेह आणि मग दृष्टिचेतेचा ऱ्हास. आणि कधी अंधत्व जन्मजात नसतेच. पियुषिकेजवळची क्रॅनिओफॅरिंजिओमा नावाची गाठ दृष्टीही दाबते आणि संप्रेरकेही. मूल नजर जाऊ लागली म्हणून येते, उंची आधीच थांबलेली असते. बार्डेट-बीडलच्या मुलाचे सहावे बोट पुष्कळदा लहानपणीच कापून टाकलेले असते, हा आणखी एक पेच. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

यावर मला नेहमी ऐकावे लागणारे पहिले उत्तर असे, की हे सगळे दुर्मीळ आहे, आणि ज्या तालुक्यात संप्रेरकांचा तज्ज्ञ बसत नाही तिथे याची चर्चा कशाला. दुर्मीळ हे खरे, पण सगळ्या मुलांत. अंध मुलांत, त्यातही जन्मजात डोळा न घडलेल्या मुलांत, ते तितके दुर्मीळ राहत नाही, आणि आपले काम याच मुलांत आहे. दुर्मीळतेचा युक्तिवाद आपण सोयीने वापरतो हेही आहेच. २०२४ च्या अखेरीस आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा जानेवारीत थेट आयसीएमआरचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. टक्कल दिसते, म्हणून ते झाले. अपुरे कॉर्टिसॉल दिसत नाही. तज्ज्ञाचे म्हणाल तर पहिली पायरी तज्ज्ञाची नाहीच. भिंतीवरच्या पट्टीने उंची मोजायला तज्ज्ञ लागत नाही. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढते. चारच्या खाली गेले तर पुढे पाठवायचे. देऊळगाव राजाला जालना जवळ पडते, तिथे डोळ्यांची मोठी सोय आहे, आणि पुढे छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय. बुलढाण्यापेक्षा ही वाट लोकांच्या अंगवळणी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते, दृष्टिदोष, जन्मजात मोतीबिंदू, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे दृष्टिपटल हे सगळे त्यांच्या यादीत आहे. जन्मजात थायरॉइडचा दोष मात्र त्या यादीत ऐच्छिक गटात पडला. दृष्टिदोष सापडलेल्या मुलाची उंची आणि जन्माच्या वेळचा इतिहास त्याच कार्डावर घ्यायला नवी योजना लागणार नाही.

दुसरे उत्तर अधिक माणुसकीचे आहे आणि मी ते हलके घेत नाही. अंध मुलाच्या आईवर आधीच दोष टाकला जातो. ग्रहणात काय केले, कोणाची नजर लागली, इथपासून सुरुवात असते. त्यात आणखी ‘याच्या मेंदूतही काही आहे’ असे सांगून तिचा जीव कशाला खायचा, आणि शेडनेटवर मजुरीला जाणाऱ्या माणसाला जालन्याच्या फेऱ्या कशाला लावायच्या. म्हणूनच सरसकट सगळ्यांच्या तपासण्या करा असे मी म्हणत नाही. कारण कळले तर निम्म्याहून अधिक मुलांना या वाटेवर पाठवावेच लागणार नाही. बुबुळाच्या व्रणाच्या मुलाची आई एका वाक्यात सुटते. आणि ज्यांना पाठवावे लागेल, त्यांच्या आईला ‘तुमचे मूल आळशी नाही, हट्टी नाही, तुमच्या खाऊ घालण्यातही खोट नाही’ हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मिळेल. उलट बाजूची चूकही होते, ती सांगितली पाहिजे. अंध मुलाचे वजन वाढले की सगळे खापर संप्रेरकांवर फोडणे. पडेल, लागेल म्हणून घरात बसवलेले, ऊन न लागलेले, पळायला न मिळालेले मूल लठ्ठ होते आणि त्याच्यात जीवनसत्त्व ड ची कमतरता होते. त्याला लॅबपेक्षा मैदानाची गरज जास्त असते. फरक पुन्हा उंचीच सांगते. जास्त खाऊन लठ्ठ झालेले मूल सहसा उंचही असते. लठ्ठ आणि बुटके असेल तर शंका घ्यायची.

शिक्षकाने डॉक्टरकीत नाक खुपसू नये, हा तिसरा आक्षेप शिक्षकांकडूनच येतो. निदान करू नये हे कबूल. पण मूल वर्षभर ज्याच्या नजरेसमोर असते त्याच्याइतकी सलग माहिती कोणत्याही ओपीडीत नसते. ती लिहून पुढे देणे हे शिक्षणाच्याच कामात बसते, कारण पेंगणाऱ्या मुलाला ब्रेल शिकवता येत नाही.

म्हणून माझ्या बरोबरच्या शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे. पुढच्या वेळी प्रमाणपत्रासाठी किंवा नूतनीकरणासाठी बुलढाण्याला जाल, तेव्हा डॉक्टरांना निदानाच्या ओळीत कारण पूर्ण लिहायला सांगा, आणि उजेड कळतो की नाही हेही लिहून घ्या. मुलाचे जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, जुने स्कॅन, जुन्या चिठ्ठ्या फेकू नका, त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. कारण जन्मजात असेल, तर उंची वर्षातून दोनदा मोजून तारखेसह त्याच कागदाच्या मागे लिहा, आणि तापात मूल बेशुद्धीकडे झुकत असेल तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठून सर्वांत आधी रक्तातली साखर बघायला सांगा.